गोव्यात एम-१५ टेनिस स्पर्धा सलग चार आठवडे भरवायला काय हरकत आहे?

खांडेपार:
आमच्या वाड्यावरचा एक मुलगा टेनिस खेळतो. वय वीस. एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या, जागतिक क्रमवारीच्या यादीत त्याचं नाव आहे, पण हजाराच्या पलीकडे. यंदा गणेशचवथीला गणपतीपुढे माटोळीखाली बसून घरच्याच माणसांनी त्याला सुनावलं, "हजारावा नंबर म्हणजे काय खेळणं झालं? परीक्षा दे, सरकारी नोकरी बघ." तो काही बोलला नाही. मला मात्र राहवत नाही, म्हणून हा धागा.

त्या यादीत नुसतं नाव यायला काय करावं लागतं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी म्हणजे आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) एम-१५, म्हणजे सगळी मिळून बक्षिसं १५ हजार डॉलर. तिच्या वर एम-२५, मग एटीपीच्या चॅलेंजर स्पर्धा, आणि त्याच्याही वर टीव्हीवर दिसणारं टेनिस. एम-१५ च्या मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या यादीत, पहिला सामना जिंकला तर एक गुण. आख्खी स्पर्धा मारली तर १५ गुण आणि २,१६० डॉलर. पहिल्याच सामन्यात हरला तर गुण शून्य आणि हातात १५६ डॉलर. मुख्य ड्रॉपर्यंत पोचायलाही बहुतेकांना आधी पात्रता फेरी खेळावी लागते. मिळवलेला गुण ५२ आठवड्यांनी गळतो, तो परत कमवायचा. जगभरातली हजारो मुलं या दारात उभी आहेत. त्यात नाव लागणं ही मोठीच गोष्ट आहे.

आता माझा मुद्दा. ट्युनिशियात मोनास्टीर, तुर्कीत अंताल्या, इजिप्तमध्ये शर्म-अल-शेख इथं समुद्रकाठच्या हॉटेलांच्या कोर्टांवर आठवड्यामागून आठवडे अशा स्पर्धा चालतात. खेळाडू विमानाचं तिकीट एकदाच काढतो आणि तीन-चार स्पर्धा खेळून परततो. हॉटेलाच्या खोल्या भरतात, त्यामुळे भरवणाऱ्यालाही परवडतं. समुद्रकाठ, हॉटेलं, दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ, हे सगळं गोव्याकडे आहे. डॉलर ८५-९० रुपये धरला तर एका आठवड्याचं बक्षीस साधारण १३ लाख, वर पंच, चेंडू, फिजिओ यांचा खर्च. सरकार आणि हॉटेलवाले एकत्र आले तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सलग चार आठवडे सहज भरवता येतील. मुलींच्या डब्ल्यू-१५ सोबत घेतल्या तर अधिकच चांगलं. तुम्हांला काय वाटतं?

म्हापसेकर:
खांडेपारबाब, त्या मुलाबद्दलची तुमची कळकळ पोचली. मागणीला मात्र माझा विरोध आहे.

गोव्यात स्पर्धा भरत नाहीत असं कुठं आहे? २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा इथं झाल्या. आमच्या म्हापशातल्या पेड्याच्या स्टेडियममध्ये टेबल टेनिसची जागतिक मालिका आली. २०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. पाहुणे आले, फोटो निघाले, पाहुणे गेले. पेडणे, सत्तरी, काणकोणातल्या शाळकरी मुलाला त्यातून काय मिळालं? सत्तरीतल्या एखाद्या पोरीला आज रॅकेट धरावीशी वाटली तर तिनं जायचं कुठं? पणजीत, क्लबचं सदस्यत्व असेल तर. बसनं येऊन-जाऊन तिचा दिवस जाईल.

त्यातून आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर उघडं कोर्ट म्हणजे शेवाळ. छपराखालचं कोर्ट नसेल तर इथल्या मुलाचे वर्षातले चार महिने बुडतात आणि त्याच काळात चेन्नईचा मुलगा खेळत असतो. तुमच्या चार आठवड्यांत ३२ जणांच्या ड्रॉमध्ये गोव्याचे किती असतील? एखाददुसरं वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न बघता दिलेला थेट प्रवेश, मिळेल आणि पहिल्या फेरीत ६-१, ६-१ होईल. जनतेचा पैसा आधी पायाला लावा. अर्ध्या कोटीहून जास्त रकमेत किती तालुक्यांत कोर्टं उभी राहतील याचा हिशोब करा.

लाल माती:
मी मूळ कुडचड्याचा, आता पुण्यात मुलांना शिकवतो. ही खालची पायरी मी स्वतः खेळलोय. तेव्हा तिला फ्युचर्स म्हणत आणि बक्षीस १० हजार डॉलरचं असे. म्हापसेकरबाबांचं कोर्टांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, पण स्पर्धेबद्दलचं पटत नाही.

ही पायरी जवळून कशी दिसते ते सांगतो. चेंडू उचलायला कोणी नसतं, आपला आपण वेचायचा. खोलीत दोघं-तिघं, कपडे रात्री न्हाणीघरात धुऊन गॅलरीत वाळत टाकायचे. बराच पैसा रॅकेटच्या तारांत जातो. दमट हवेत जोरात टॉपस्पिन मारणारा मुलगा आठवड्याला कितीतरी जोड्या तोडतो, आणि स्पर्धेच्या ठिकाणी तार ओढून देणारा प्रत्येक रॅकेटमागे पैसे घेतो. म्हणून कोणी एक जण छोटं मशीन बॅगेतून आणायचा. रात्री खाटेवर ते मांडून स्वतःच्या तीन रॅकेट ओढायच्या, मग दोन-चार डॉलर घेऊन इतरांच्या. सकाळी ज्याच्याशी सामना, त्याचीच रॅकेट रात्री आपण ओढलेली असायची. हे सगळं करून पहिल्या फेरीत हरलं की पुढचा पूर्ण आठवडा हॉटेलचं भाडं चालू आणि कमाई बंद.

आयटीएफनेच २०१३ च्या आकड्यांवरून हिशोब केला होता. प्रशिक्षकाचा खर्च न धरताही पुरुषांत साधारण ३३६ व्या आणि महिलांत २५३ व्या क्रमांकाच्या आतच जमा-खर्च जुळत होता. आणि पहिल्या एटीपी गुणापासून पहिल्या शंभरात जायला पुरुषाला सरासरी ४.८ वर्षं लागत होती. म्हणजे विसाव्या वर्षी हजाराबाहेर असलेला मुलगा मागे पडलेला नाही, तो वाटेवर आहे. घरच्यांना हे एवढंच समजावून सांगा.

एटीपीने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी सुरू केली, पण ती पहिल्या २५० जणांसाठी. त्याखालच्याला कोणी विचारत नाही. उलट २०१९ मध्ये १५ हजारांच्या स्पर्धांतले एटीपी गुणच काढून टाकले होते आणि कित्येक मुलं एका रात्रीत यादीतून बाहेर फेकली गेली. ओरडा झाला तेव्हा काही महिन्यांनी ते परत आले.

आणखी एक गोष्ट, जी पालकांना माहीत असायलाच हवी. या रिकाम्या कोर्टांवरच्या सामन्यांचाही स्कोअर क्षणाक्षणाला सट्टेवाल्यांपर्यंत जातो. हरल्यावर मुलाच्या फोनवर अनोळखी माणसांच्या शिव्यांचा पाऊस पडतो. आणि एक गेम सोड, सेट सोड, असं सांगणारे भेटतात. ते देऊ करतात ती रक्कम बक्षिसापेक्षा मोठी असते. २०१८ मध्ये टेनिसच्याच स्वतंत्र समितीने हा रोग खालच्या पायरीवर सगळ्यात जास्त असल्याचं लिहिलं. कर्ज काढून परदेशात एकट्या पडलेल्या मुलाला तो मोह टाळणं किती कठीण, याचा विचार करा. घरून जेवून कोर्टावर जाणाऱ्या मुलाला ते सोपं जातं. घरच्या स्पर्धेचं महत्त्व मला इथं सगळ्यात जास्त वाटतं.

डिचोलीकर:
लाल मातीबाबांनी लिहिलंय ते वाचून माझं मत उलट पक्कं झालं. ज्या धंद्यात तीनशेबाहेरचा माणूस तोट्यात, तिथं मध्यमवर्गीय घरातल्या पोराला पाच वर्षं ढकलायचं कशाला?

सुमित नागलचं उदाहरण घ्या. तो देशाचा पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू होता. २०२३ मध्ये त्यानं उघडपणे सांगितलं की बँकेत जेमतेम ९०० युरो उरलेत आणि वर्षाचा खर्च ८० लाख ते एक कोटी. त्याची ही गत, तर फोंड्याच्या मुलाची काय होणार? बापानं सुपारीचं कुळागर विकायचं का?

यापेक्षा अमेरिकेतल्या कॉलेजचा रस्ता बघा. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठातून २००७ आणि २००८ असा दोनदा तिथल्या कॉलेजांचा राष्ट्रीय विजेता झाला आणि पुढे जगात ६२ वा. आपली ऋतुजा भोसले टेक्सासमध्ये शिकली आणि रोहन बोपण्णाबरोबर आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण घेऊन आली. दक्षिणेश्वर सुरेश तिथल्या कॉलेजात खेळता खेळता सप्टेंबर २०२५ मध्ये डेव्हिस कपात स्वित्झर्लंडविरुद्ध उतरला आणि पहिलाच सामना जिंकला. शिष्यवृत्ती, प्रशिक्षक, जिम, फिजिओ, सगळं कॉलेजचं. टेनिस नाही जमलं तर हातात पदवी. सरकारला मदत करायचीच असेल तर तिथं जाणाऱ्या मुलांना करावी.

आई_फोंडा:
डिचोलीकरभाऊ, मी अशाच एका मुलीची आई आहे. तुमचा सल्ला चुकीचा नाही, पण तो सोळाव्या-सतराव्या वर्षी द्यायचा. तिथले प्रशिक्षक शिष्यवृत्ती द्यायच्या आधी ज्युनियर स्पर्धांचे निकाल बघतात, आणि ते निकाल मिळवायला मुलांनी आधी देशभर, मग देशाबाहेर खेळलेलं असावं लागतं. म्हणजे खर्च तिथंही आधी आईबापांचाच. आम्ही माहिती काढायला लागलो तेव्हा तिच्या वयाच्या मुली पुढे गेल्या होत्या. हे आम्हांला वेळेवर सांगणारं इथं कोणी नव्हतं.

लोक विचारतात, मुलीला पुण्याला का नेत नाही? अंकिता रैना गुजरातहून पुण्यात येऊन हेमंत बेंद्रे सरांकडे घडली, १६० व्या क्रमांकापर्यंत गेली, हे मलाही माहीत आहे. पण पुण्यात भाड्याची खोली, सोबत आई, इकडे घरात नवरा आणि सासूबाई. अशी किती घरं दोन चुली चालवू शकतात?

गोव्यातल्या घरांपुढचा आणखी एक प्रश्न कोणी मांडला नाही, म्हणून लिहिते. युरोपातल्या स्पर्धांना शेंगेन व्हिसा लागतो. एका स्पर्धेत हरलं की पुढची दुसऱ्या देशात, आणि व्हिसाचे दिवस संपत आलेले असतात. तेव्हा नातेवाईक सुचवतात, आजोबा पोर्तुगीज काळात जन्मलेले, त्यांची लिस्बनला जन्मनोंद करा, पोर्तुगीज पासपोर्ट घ्या, कटकट मिटेल. पण तो घेतला की भारताचं नागरिकत्व जातं आणि भारताकडून खेळायचा हक्कही. फक्त भारतीय पासपोर्टवाल्यांनीच देशाकडून खेळायचं, हा नियम २००८ पासून आहे. माझी मुलगी दहा वर्षांची असल्यापासून म्हणते, मला भारताच्या जर्सीत खेळायचंय. आम्ही तो विषय घरात बंद केला. मग गुण मिळवायला तिनं जायचं कुठं? स्पर्धा गोव्यात झाल्या तर व्हिसा नको, विमान नको, हॉटेल नको. आमच्यासाठी तो वर्षातला मोठा आधार असेल.

मांडवीकाठ:
माझं आयुष्य हॉटेल धंद्यात गेलं, त्यामुळे त्या बाजूचं लिहितो. खांडेपारबाब, फेब्रुवारीत कोणी हॉटेलवाला स्वस्तात खोली देणार नाही. कार्निव्हल होईपर्यंत भाव चढेच असतात. मोनास्टीर-अंताल्यात या स्पर्धा हॉटेलांना मंदीच्या महिन्यांत तारतात, आपलाही विचार तसाच हवा. मार्चचा दुसरा पंधरवडा आणि एप्रिल धरा. ऊन कडक असेल, पण सामने सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर ठेवता येतील.

दुसरी अडचण कोर्टांची. बहुतेक हॉटेलांत एक-दोन कोर्टं, तीही पाहुण्यांच्या करमणुकीपुरती. ३२ चा ड्रॉ, वर पात्रता, वर दुहेरी, हे दोन कोर्टांत बसत नाही. गास्पार दियशसारख्या क्लबांची आणि सरकारी कोर्टं मिळवावी लागतील, आणि राहायची सोय जवळच्या हॉटेलांत. एकदम चार आठवडे मागू नका. दोन मागा, ते नीट पार पडले की पुढचे दोन कोणीही देईल.

खांडेपार:
मांडवीकाठबाब, तारखांचं पटलं. मार्च-एप्रिल धरतो. पण दोन आठवडे मला कमी वाटतात. एकाच तिकिटात तीन-चार स्पर्धा असतील तरच बाहेरचे बरे खेळाडू येतील, आणि ते आले तरच आमच्या मुलांना कळेल की आपण कुठं कमी पडतो. निदान तीन हवेत.

म्हापसेकरबाब, वाइल्ड कार्डवाला ६-१, ६-१ हरेल म्हणता. हरू दे. २०२३ मध्ये पुण्याच्या एटीपी स्पर्धेत साताऱ्याचा मानस धामणे पंधराव्या वर्षी वाइल्ड कार्डवर खेळला आणि पहिल्याच फेरीत हरला. पण त्या वयात त्याला ते कोर्ट मिळालं, कारण स्पर्धा महाराष्ट्रात होती. आणि डिचोलीकरभाऊंनी नागलची गोष्ट अर्धीच सांगितली. ९०० युरोवाला तोच नागल चारएक महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीतून वर आला आणि ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवून गेला. फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकून पहिल्या शंभरात शिरला, जुलैमध्ये ६८ वा झाला. त्याला शंभरात नेणारी स्पर्धा भारतातली होती. लिअँडर पेसची मुळं गोव्यातली म्हणून आपण छाती फुगवतो. तो वाढला कोलकात्यात आणि शिकला चेन्नईतल्या अमृतराजांच्या अकादमीत. गोव्यानं त्याच्यासाठी काय केलं?

राज्य टेनिस संघटना आणि क्रीडा खात्याला द्यायचं निवेदन मी लिहायला घेतलंय. ज्यांना पटतं त्यांनी सह्या द्याव्यात.

आई_फोंडा:
माझी आणि घरच्यांची सही धरा. कोर्टावर पाणी द्यायला, मुलांची नावनोंदणी करायला आम्ही चार-पाच आया येऊ.

डिचोलीकर:
माझी सही नको. पण कॉलेजच्या रस्त्याची माहिती देणारा एक दिवस त्या आठवड्यांत पालकांसाठी ठेवणार असाल तर तो मी सांभाळतो. माझा भाचा त्या वाटेनं गेलाय, कागदपत्रं मला तोंडपाठ आहेत.

म्हापसेकर:
मीही आज सही करणार नाही. निवेदनात दोन गोष्टी लेखी आल्या तर करीन. स्पर्धेसाठी दुरुस्त केलेली सरकारी कोर्टं वर्षभर रोज संध्याकाळी दोन तास शाळकरी मुलांना फुकट, क्लबचं कार्ड न मागता. आणि पेडणे, सत्तरी, काणकोण यांपैकी निदान एका तालुक्यात पुढच्या पावसाळ्याआधी छपराखालचं एक कोर्ट. खात्यानं या दोन्हींवर तारीख घालून उत्तर दिलं, की तुमच्या तीन आठवड्यांसाठी म्हापशात दारोदार फिरून सह्या मी गोळा करीन. तोवर माझा विरोध नोंदवून ठेवा.