सुमार कॉमेडी पिक्चर एकटा हिरो तारून नेतो का?

गिरगावकर: परवा टीव्हीवर लक्ष्याचा एक जुना पिक्चर लागलेला. स्टोरी सुमार, गाणी भरतीची, शेवटची मारामारी तर उगाचच, तरी घरातले सगळे शेवटपर्यंत बसून होते. माझं स्पष्ट मत आहे, कॉमेडीला स्टोरीपेक्षा माणूस लागतो, जो पडद्यावर आला की आपण आपसूक सावरून बसतो. दादा कोंडकेंचंच घ्या ना, 1971 ला 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरला लागेना म्हणून बाळासाहेबांना मध्ये पडावं लागलं, पण पुढे गर्दी कोणाच्या जिवावर झाली? दादांच्याच! नऊ पिक्चर सिल्व्हर ज्युबिली, गिनीज बुकात नाव.

परळकरीण: अहो पण 'सोंगाड्या' लिहिला कोणी? वसंत सबनीसांनी. 'बनवाबनवी'चे संवाद पण त्यांचेच. लोक आज जी वाक्यं तोंडपाठ म्हणतात ती कोणीतरी बसून लिहिलीयेत. तुम्ही उदाहरणं चांगल्या लेखनाची देता आणि क्रेडिट एकट्या हिरोला, हे पटत नाही.

दादर_लोकल: गिरगावकरांशी सहमत. ही सगळी माणसं स्टेजवरून आलेली, लक्ष्या साहित्य संघातून, 'टूरटूर'मधून. नाटकात लोक कुठे हसतात ते रोज समोर कळतं, किती थांबायचं ते अंगात मुरतं. अशोकमामा तर समोरचा बोलत असताना नुसते बघतात आणि तिथेच हशा येतो, ते कुठल्या कागदावर लिहिलेलं असणार?

परळकरीण: मामांच्या टायमिंगबद्दल वादच नाही हो. पण हा सांभाळून घेईल म्हटल्यावर निर्माते लिहून घ्यायचे कष्टच घेत नाहीत, मग प्रत्येक पिक्चरमध्ये लक्ष्याने तेच घाबरायचं, तेच अडखळायचं. मला त्याचा राग येतो, कारण तो त्याहून फार मोठा नट होता, 'एक होता विदूषक' बघा.

गिरगावकर: बघितलाय, आणि डोळ्यांत पाणी आलंय. पण 1992 चा तो पिक्चर, पुलंचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तरी तिकीटबारीवर नाही चालला. मग लेखनाने कुठे तारलं?

परळकरीण: नाही चालला कारण तोवर लोकांना लक्ष्या म्हणजे फक्त हसवणारा एवढंच माहीत होतं, आणि ही सवय त्या सुमार पिक्चरनीच लावली, जे तुम्ही आत्ता डोक्यावर घेताय.