70 च्या पुढे गाडी भरकटते, मदत हवी आहे (सातारा)

2005 ची पेट्रोल हॅचबॅक. हायवेला 70 च्या पुढे तोंड भरकटतं, ब्रेक मारला की डावीकडे ओढते. हवा 30, अलाइनमेंट नुकतीच झाली. जॅकवर चाक वर-खाली धरून हलवलं तर प्ले (ढिलेपणा) नाही. आडवं धरलं की डावीकडे बारीक ‘टक’ येते. टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा) घट्ट आहे, ती टक रॅकच्या (स्टीअरिंगच्या यंत्रणेच्या) रबरी बुटात बोटाला जाणवते, म्हणजे रॅक एंड (त्याच दांडीचा आतला सांधा) गेला. शिवाय डाव्या लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा हात) मागच्या बुशचं (सांध्यातल्या रबरी नळीचं) रबर फाटलंय, पहार लावली की आर्म सरळ मागे सरकतो. ओढण्याचं कारण हेच असणार, कारण कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणारा भाग) पिना नीट सरकतात, अडकलेल्या नाहीत.

नुसता नवा बुश प्रेसने दाबून बसवावा की अख्खा आर्म घ्यावा? बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळणारा मिस्त्री साताऱ्यात कोण? लोंबत्या चाकावर आवळला की रबर पिळलेलंच राहतं आणि पुन्हा फाटतं.