पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा म्हणे!

तिसरा गिअर:
परवाच्या 'परदेशी जाताना गाडीचं काय कराल' पोस्टीत लिहिलंय की किल्ली शेजाऱ्यांकडे द्या, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करायला सांगा, हँडब्रेक घट्ट ओढा, कव्हर टाका आणि निवांत विमानात बसा. अहो, गाडीची वाट लावायची हीच तर रीत आहे! मी दोन वर्षं जर्मनीत होतो, २०१४ ची वॅगनआर कोथरूडला सोसायटीत उभी होती, म्हणून बोलतोय. पाच मिनिटांत इंजिन धड तापत नाही, पेट्रोल जळून जे पाणी होतं ते वाफ होऊन बाहेर पडायच्या ऐवजी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये बसतं, आणि स्टार्टरने खाल्लेली बॅटरी तेवढ्यात भरूनही निघत नाही. एक तर कुणीतरी अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर हातच लावू नका. मी जायच्या आधी ऑइल बदललं (जुनं ऑइल आम्लयुक्त झालेलं असतं, ते आत कशाला मुरवायचं), टाकी काठोकाठ भरली, टायरमध्ये पाचेक पीएसआय हवा जास्त, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हँडब्रेक सोडलेला, कारण ओढून ठेवला की मागचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. पहिला गिअर आणि चाकांना विटा. आल्यावर नवी बॅटरी टाकली आणि ब्रेक ऑइल बदललं, बास.

रत्नांग्रीकर:
पुण्याच्या हवेत काय, कायपण टिकतं. इथे एक पावसाळा ठेवून दाखवा. मी आठ महिने मस्कतला होतो, आलो तर सीटवर, स्टिअरिंगवर, पट्ट्यांवर सगळीकडे हिरवी बुरशी. कव्हर प्लास्टिकचं होतं ती माझी चूक, आतल्या आत गाडी पातोळ्यांसारखी वाफवली. आणि उंदरांचं एक अक्षर नाही तुमच्या यादीत! डांबरगोळ्या झाल्या, तंबाखूची पानं झाली, उंदराने त्या पानांचंच अंथरूण केलं आणि वर वायरिंग खाल्लं. एसीची हवा जिथून आत जाते तिथे बारीक जाळी मारा, बाकी सगळं थोतांड.

दुधी भोपळा:
एवढी उठाठेव करण्यापेक्षा विकून टाका की. गाडी म्हणजे काय वाडवडिलांची जमीन आहे? उभ्या गाडीचा भाव रोज उतरतोच. विकताना इन्शुरन्स कंपनीकडून नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं) पत्र घ्यायचं, तीन वर्षं चालतं, परत आलात की नव्या गाडीला लावा. आणि काठोकाठ टाकीचं कौतुक जपून करा. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी वाढलं की थर वेगळा होऊन खाली बसतो. तुमच्या वेळचं पेट्रोल वेगळं होतं साहेब.

तिसरा गिअर:
म्हणूनच टाकी भरायची, रिकामी जागा कमी तर ओलसर हवाही कमी. पण दोन वर्षांनी ते पेट्रोल उपसून टाकायला हवं, हे मान्य. पत्राचं माहीत नव्हतं, तेही मान्य. मात्र सुट्टीत तीन आठवडे यायचो तेव्हा गाडी दारात असणं काय असतं हे रिक्षासाठी हात हलवणाऱ्यालाच विचारा. आणि ठेवणाऱ्यांनो, इन्शुरन्स बंद करू नका. उभ्या गाडीवरही झाड पडतं, आणि ९० दिवसांच्या वर खंड पडला की तो बोनसही गेला.

सोसायटीचा हमाल:
सेक्रेटरी म्हणून लिहितोय. रंगकाम निघालं, गाडी हलवायचीय, किल्ली नाही, बॅटरी काढलेली, चाकाला विटा, मालक स्टुटगार्टात. चार माणसांनी ढकलली. वर मालकाचा व्हॉट्सॲप कॉल, कव्हरवर रंगाचे शिंतोडे कसे आले म्हणून!

माई:
तुम्ही सगळे गाडीचंच बोलताय. आमचा मुलगा सिॲटलला, गाडी इथे. यजमान ७४ वर्षांचे. दर रविवारी दोन मजले उतरून खाली जातात, गाडी सुरू करतात, मुलगा व्हिडिओ कॉलवर सांगतो, "बाबा, जरा रेस द्या." लिफ्ट नाही आमच्याकडे. गुडघ्यांना कुठली निगेटिव्ह काढून ठेवायची सांगा.

बे एरियातला बाब्या:
आला विषय मुलांवर! काहीही झालं की परदेशातली मुलं दोषी. बाबांना तेवढाच उद्योग असतो, आवडतं त्यांना. आणि आमच्याही मागे कटकटी असतातच. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट हवी, त्याचा ओटीपी भारतातल्या मोबाइलवर, आणि ते सिम केव्हाच बंद पडलेलं. भाच्याला चालवायला दिली होती तर त्याच्या सिग्नल तोडण्याची चलनं माझ्या नावावर.

दुधी भोपळा:
"तेवढाच उद्योग"? डॉलर तुम्ही कमवा आणि बापाला वॉचमन करा, वर उद्योग म्हणा. लाज नाही वाटत?

बे एरियातला बाब्या:
माझ्या वडिलांना मी काय करतो हे तुम्ही शिकवू नका. स्वतःची गाडी विकून बसलात म्हणून सगळ्यांनी विकायची का?

रत्नांग्रीकर:
उंदीर राहिला बाजूला. चालू द्या.

तिसरा गिअर:
माई, तुमचं वाचून काल बायकोला विचारलं. विटा जागेवर आहेत का बघायला आमचे बाबाच खाली जायचे म्हणे, पावसात सुद्धा. मला कुणी बोललं नव्हतं. बाकी मुद्दे मागे घेत नाही, पण "हातच लावू नका" हे मी वडिलांना कधी सांगितलं नव्हतं एवढं खरं. तुम्ही गॅरेजवाल्याला बोलावून बॅटरी काढून टाका आणि पैसे मुलाकडून घ्या.

माई:
काढली काल. आता हे चिडलेत. रविवारी सकाळी मी करायचं काय, असं विचारतायत.

बे एरियातला बाब्या:
मी काय म्हणत होतो!