व्हर्सायचा तह: चूक अटींची की पद्धतीची?

रानवाटा
पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाबद्दल शाळेत एकच घोकून घेतात: अटी जाचक होत्या, म्हणून हिटलर आला. मला हे अर्धवट वाटतं. तह म्हटला की बोलणी आली, देवाणघेवाण आली. इथे जर्मनीशी बोलणी झालीच नाहीत.

१८ जानेवारी १९१९ला पॅरिसमध्ये परिषद भरली ती जर्मनीला दाराबाहेर ठेवून. फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमान्सो, ब्रिटनचा पंतप्रधान लॉइड जॉर्ज आणि अमेरिकेचा अध्यक्ष विल्सन यांनी आपसांत महिनोन्‌महिने घासाघीस केली आणि ७ मे रोजी तयार मसुदा जर्मन शिष्टमंडळाच्या हातात ठेवला. तोंडी चर्चा नाही, काय म्हणायचं ते पंधरा दिवसांत लेखी द्या. क्लेमान्सो उभा राहून बोलला. जर्मन परराष्ट्रमंत्री ब्रॉकडॉर्फ-रांत्साऊने उत्तर दिलं ते खुर्चीत बसूनच. पायांत बळ नव्हतं की मुद्दाम केलं, यावर आजही वाद आहे, पण समोरचे सगळे खवळले. एवढ्या महिन्यांत दोन्ही बाजू समोरासमोर आल्या त्या अशा.

मग निर्वाणीचा इशारा: सही करा, नाहीतर सैन्य आत घुसेल. २८ जूनला व्हर्साय राजवाड्यातल्या आरसेमहालात सही कुणी केली? हर्मान म्युलर आणि योहानेस बेल, नव्या प्रजासत्ताकाचे मंत्री. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, हॉलंडमध्ये सुखरूप आणि युद्धबंदीची घाई करणारा सेनापती ल्यूडेनडॉर्फ नामानिराळा! कलंक लागला तो लोकशाहीवाल्यांच्या कपाळी. १८१४-१५च्या व्हिएन्ना परिषदेत हरलेल्या फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ बैठकीत होता, हे विसरू नका.

कोरा_कागद
सपशेल असहमत. फ्रान्सचे तेरा लाखांहून जास्त सैनिक मेले. जर्मन सैन्याने माघार घेताना लांसच्या कोळसाखाणींत पाणी सोडलं, फळबागा बुंध्यापासून तोडल्या. त्या बागेच्या मालकाला ‘आता समजुतीने घ्या’ म्हणून कोण सांगणार? सहीच्या दिवशी क्लेमान्सोने आरसेमहालात पाच फ्रेंच सैनिक आणवले होते, तोफगोळ्यांनी चेहरे फाटलेले. तेही त्या तहाचे पक्षकार होते.

आणि जर्मनीने स्वतः काय केलं होतं? १८७१मध्ये फ्रान्सला हरवून त्याच्याकडून ५ अब्ज फ्रँक वसूल केले, पैसे चुकते होईपर्यंत सैन्य बसवून. मार्च १९१८मध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्कच्या तहात रशियाकडून युक्रेन, पोलंड, बाल्टिक प्रांत सोडवून घेतले. १९२१मध्ये जर्मनीवर ठरलेल्या नुकसानभरपाईच्या १३२ अब्ज सुवर्ण मार्कांपैकी वसूल होण्यासारखे ५० अब्जच होते, बाकीचे रोखे कागदावरचे.

चूक झाली ती अंमलबजावणीत. ब्रिटन-अमेरिका संरक्षणाची हमी देणार म्हणून फ्रान्सने ऱ्हाइन सीमेचा हट्ट सोडला. अमेरिकन सिनेटने तहच नाकारला, मग ब्रिटनची हमीही गळाली. १९३६मध्ये हिटलरचं सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये, तहाने सैन्यबंदी केलेल्या पट्ट्यात, शिरलं तेव्हा कुणी बोट उचललं नाही.

रानवाटा
त्या पाच जणांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, आणि नसावंच. पण रोख्यांचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. १३२चा आकडा जिंकलेल्या देशांतल्या मतदारांना दाखवायला होता, आणि जर्मनीत घरोघरी तोच पोचला.

चावडी
थोडं अवांतर, पण राहवत नाही. माझ्या आजोळी चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी आहे: या गावातून १९१४-१९च्या युद्धाला इतके गेले, त्यांतले इतके मेले. दोन आकडे, नाव एकही नाही. लहानपणी आम्ही त्या पाटीखाली गोट्या खेळायचो. आजच्या इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकून १९१६मध्ये शरण जावं लागलं ती पूना डिव्हिजन होती, मराठा पलटणींसकट.

त्या माणसांच्या वतीने व्हर्सायला सही कुणी केली? भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह. काँग्रेसने डिसेंबर १९१८च्या दिल्ली अधिवेशनात लोकमान्य टिळकांना शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी निवडलं होतं. ते ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते, पॅरिस हाकेच्या अंतरावर. सरकारने जाऊ दिलं नाही. त्यांनी क्लेमान्सोला पत्र लिहून भारताचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. तिथेच जपानने राष्ट्रसंघाच्या करारात वंशसमानतेचं कलम सुचवलं, १७पैकी ११ मतंही मिळाली, आणि विल्सनने ‘एकमत नाही’ म्हणून ते बाजूला सारलं. तुम्ही दोघं एका खुर्चीसाठी भांडताय, रिकाम्या खुर्च्या पुष्कळ होत्या.

कोरा_कागद
चावडी, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तो अन्याय कशानेही झाकत नाही.
रानवाटा, तुम्हाला मात्र सोडत नाही. बोलणी झालीच नाहीत हे खरं नाही. जर्मनांच्या लेखी हरकतींमुळेच जर्मनीचा अप्पर सिलेशिया प्रांत थेट पोलंडला न देता तिथे सार्वमत घ्यायचं ठरलं.

रानवाटा
बरोबर आहे, माझं पहिलं वाक्य सैल होतं. पण कागदावरच्या हरकतींनी एवढा प्रांत हलला, तर समोरासमोर बसून किती हललं असतं? २२ जूनला वायमारमधल्या जर्मन राष्ट्रीय सभेत २३७ विरुद्ध १३८ मतांनी सही करायचं ठरलं. त्या २३७ जणांना आपल्या मतदारसंघात जाऊन तोंड दाखवायचं होतं, आणि ‘हे आम्ही भांडून मिळवलं’ म्हणून सांगायला त्यांच्या हातात सिलेशियापलीकडे फारसं काही नव्हतं.