माजी राजदूतांचं व्याख्यान: प्रश्नांना दहाच मिनिटं का?

कर्वेनगरकर
परवा पुण्यातल्या एका विद्यापीठात परराष्ट्र सेवेतल्या एका निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्यांचं जाहीर व्याख्यान झालं. विषय भारत-चीन सीमा. सभागृह गच्च, मुलं मागे भिंतीला टेकून उभी. बोलले फार छान. १९५४ चा पंचशील करार, १९८८ ची राजीव गांधींची चीन भेट, १९९३ चा शांतता करार, डोकलाम, गलवान, सगळा पट हातात कागद न घेता उलगडला.

पण प्रश्नांना दहा मिनिटं. तेही चिठ्ठीवर लिहून द्यायचे, चिठ्ठ्या संयोजक निवडणार. वाचले गेले ते प्रश्न म्हणजे परराष्ट्र सेवेत जायला काय वाचावं, पहिली नेमणूक कुठे होती. एकच नेमका प्रश्न वर पोहोचला: १९९३ च्या करारात प्रत्यक्ष नियंत्रण रेषा पाळायचं दोन्ही देशांनी कबूल केलं, पण ती रेषा दाखवणारा नकाशा जोडलेला नाही, हे आपण का मान्य केलं? त्यावर ‘वाटाघाटींच्या तपशिलात इथे जाता येणार नाही’ एवढंच उत्तर.

तीस वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही! सार्वजनिक अभिलेखांच्या १९९७ च्या नियमांनुसार २५ वर्षांपुढचे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायला हवेत. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने प्रसिद्ध केला, तेव्हा आपल्याला वाचायला मिळाला. मला याची मनापासून चीड येते. विद्यापीठाने बोलावतानाच वक्त्यांना सांगावं: निम्मा वेळ प्रश्नांचा, आणि २५ वर्षांपूर्वीच्या निर्णयांवर मोकळेपणाने बोला.

सहकारनगर, निवृत्त
साफ असहमत. मी केंद्र सरकारच्या सेवेत होतो. शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा निवृत्तीच्या दिवशी सुटत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी सीमाप्रश्न संपलेला आहे का? सीमेच्या चर्चेसाठी दोन्ही देशांनी नेमलेल्या विशेष प्रतिनिधींच्या फेऱ्या २००३ पासून चालू आहेत. अशा वेळी माजी राजदूत पुण्यात जे बोलतील ते बीजिंगमध्ये भारताची भूमिका म्हणून वाचलं जाईल. समोरच्याला आपली अडचण कळू न देणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. जाब विचारायचा तर मंत्र्यांना विचारा, संसदेत. पाहुण्याला व्यासपीठावर कोंडीत पकडून काय मिळणार?

कोथरूडची वाचक
कर्वेनगरकरांना +१. चिठ्ठ्यांची पद्धत तर बंदच करा.

संरक्षणशास्त्राची विद्यार्थिनी
मी त्या सभागृहात होते. नकाशाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तर छापील पुस्तकांत आहे. मधल्या क्षेत्राचे, म्हणजे हिमाचल-उत्तराखंडकडचे, नकाशे दोन्ही देशांनी २००० साली एकमेकांना दिले. २००२ मध्ये पश्चिम क्षेत्राचे, म्हणजे लडाखकडचे, नकाशे टेबलावर आले, पण दाव्यांतली तफावत बघून प्रकरण तिथेच थांबलं. १९९३ मध्येच नकाशाचा हट्ट धरला असता तर कदाचित करारच झाला नसता. हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं तरी आम्हाला पुरलं असतं. त्यात गुपित कुठलं होतं? आम्ही हे वर्षभर शिकतो, आणि ती प्रक्रिया जवळून पाहिलेला माणूस समोर असताना परीक्षेच्या तयारीचे प्रश्न वाचले जातात, याचं खरंच वाईट वाटतं.

एरंडवणे
चिठ्ठ्या का आल्या तेही सांगतो. मी बरीच वर्षं व्याख्यानांच्या आयोजनात आहे. माइक दिला की पहिले गृहस्थ पाच मिनिटं स्वतःचं मत मांडतात, दुसरे नेहरूंवर घसरतात, तिसरे आताच्या सरकारवर. प्रश्न येतच नाही. वक्ते पुन्हा यायला नाही म्हणतात. निम्मा वेळ द्यायला माझी हरकत नाही, पण तो विद्यार्थ्यांना द्या. आम्हा ज्येष्ठांना नको.

कर्वेनगरकर
सहकारनगर, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या लेखनावर निर्बंध आणणारे निवृत्तिवेतन नियम २०२१ साली कडक झाले, पण ते गुप्तचर आणि सुरक्षा संघटनांसाठी. परराष्ट्र खातं त्या यादीत नाही. २०१८ ते २०२० परराष्ट्र सचिव असलेल्या विजय गोखल्यांनी निवृत्तीनंतर चीनशी झालेल्या वाटाघाटींवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याने देशाचं काही बिघडलं नाही, उलट पुढच्यांना शिकायला मिळालं. मी आजची गस्त कुठपर्यंत जाते ते विचारत नाहीये. २०२४ च्या ऑक्टोबरात लडाखमधल्या देपसांग आणि डेमचोकबद्दल जी सहमती झाली तिच्यावर परवाचे वक्ते गप्प राहिले, ते मला मान्यच आहे.

सहकारनगर, निवृत्त
पुस्तक लिहिताना प्रत्येक वाक्य चार वेळा तोलता येतं. चिठ्ठी वाचल्यावर अर्ध्या मिनिटात ते जमत नाही, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तेवढंच वाक्य छापून येतं. २५ वर्षांची रेघही कागदावर ठीक आहे. १९९३ चा करार आजही लागू आहे, त्यामुळे तेव्हा आपण कुठे आणि का नमतं घेतलं हे सांगणं म्हणजे आजच्या वाटाघाटींबद्दलच बोलणं. विद्यार्थिनीने सांगितलेली छापील माहिती ते देऊ शकले असते, एवढं मानतो. त्यापलीकडे नाही.

संरक्षणशास्त्राची विद्यार्थिनी
मग प्रश्न आठवडाभर आधी लेखी पाठवले तर? त्यांना तोलायला वेळ मिळेल, आणि कुठला प्रश्न गाळला हे आम्हालाही दिसेल. विभागात उद्याच विचारते.

सहकारनगर, निवृत्त
याला माझा विरोध नाही. मात्र गाळलेल्या प्रश्नांची यादी जाहीर करू नका.

कर्वेनगरकर
ती तर जाहीर व्हायलाच हवी.