वर्गातील असाइनमेंटमधून ग्राफिक डिझाइन आणि ध्वनिसंकलन खरोखर शिकता येते का?

खाडीकाठची_विद्यार्थिनी (कळवा):
नमस्कार. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात माध्यम अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ठाणे खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांवर, म्हणजे फ्लेमिंगोंवर, ए-३ आकाराचे एक भित्तिपत्रक आणि दोन मिनिटांची ध्वनिफीत करण्याची असाइनमेंट आम्हाला मिळाली. संगणकावर सुरेख दिसणारा गुलाबी रंग छापल्यावर मळकट आला, मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो फुटला आणि ‘स्थलांतरित’ या शब्दातील जोडाक्षर सुटून पहिली वेलांटी भलत्याच जागी गेली, हे बाईंनी दाखवेपर्यंत माझ्या लक्षातही आले नव्हते. आमचे घर रुळांना लागून असल्यामुळे ध्वनिमुद्रणात पंख्याची घरघर आणि लोकलचा भोंगा आला. ऑडॅसिटी या ध्वनिसंकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन, म्हणजे नको असलेला आवाज कमी करणारा परिणाम, तीनदा लावल्यावर माझाच आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटू लागला. पुन्हा सादर करण्यासाठी पंधरा दिवस आहेत. आधी पैसे भरून एखादा क्लास लावावा, की याच कामातून शिकता येईल?

अक्षरजुळणी (वाशी):
क्लासचा विचार तूर्त बाजूला ठेवा, कारण तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक दोषामागे एक निश्चित कारण आहे आणि ते कळणे हेच शिक्षण आहे. संगणकाचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो, तर छपाई चार शाईंनी होते; झगझगीत गुलाबीच्या काही छटा त्या शाईंना गाठताच येत नाहीत. म्हणून सुरुवातीपासूनच सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या या चार शाईंच्या रंगपद्धतीत, रंग पाहावा आणि पूर्ण भित्तिपत्रक छापण्यापूर्वी ए-४ वर एक नमुना काढावा. फोटोचे गणित सोपे आहे. ए-३ची रुंदी २९७ मिलिमीटर असते. त्यावर १,६०० पिक्सेल रुंदीचा फोटो पसरला, तर इंचाला सुमारे १३७ पिक्सेल उरतात, आणि जवळून पाहायच्या छपाईसाठी ३०० धरण्याची रीत आहे. मैत्रिणीकडून मूळ फाइल मागवा.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते अक्षर. जोडाक्षरे सुटतात तेव्हा बहुधा त्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी सुरू केलेली नसते. इंग्रजीच्या सवयीने अक्षरांमधील अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते, आणि ओळींमधील अंतर कमी ठेवले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ हा युनिकोड फाँट विनामूल्य मिळतो; त्यात तेच शीर्षक तीन वेगवेगळ्या जाडींत मांडून, कागदावर छापून भिंतीला लावा आणि दहा पावलांवरून वाचा. मराठी भित्तिपत्रकात शीर्षकच वाचता येत नसेल, तर चित्र कितीही देखणे असले तरी काम अपुरेच राहते.

कानसेन_ऐरोली:
ध्वनीबद्दल लिहितो. नॉइज रिडक्शन हे पंख्याच्या घरघरीसारख्या सलग आवाजासाठी असते. अचानक येणाऱ्या भोंग्यावर त्याचा उपयोग होत नाही. नुसत्या घरघरीचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून निवडायचा आणि परिणाम एकदाच, तोही हलक्या मात्रेने लावायचा. वारंवार लावल्याने घरघरीबरोबर आवाजातील बारकावेही पुसले जातात, आणि तुम्हाला ऐकू आले ते तेच. खरा उपाय मुद्रणाच्या वेळीच करावा लागतो. पंखा बंद करून, कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, कारण कापड आवाजाचा घुमारा शोषून घेते. लोकल आली की थांबा आणि ते पूर्ण वाक्य पुन्हा म्हणा. अर्ध्या वाक्यातला सांधा कानाला लगेच कळतो. ‘फ’ आणि ‘भ’ उच्चारताना श्वासाचा झोत माइकवर आदळतो, म्हणून फोन तोंडासमोर न धरता किंचित बाजूला धरावा. मुद्रणाच्या आवाजाची पातळी मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आवाज फुटला तर तो नंतर दुरुस्त होत नाही.

शेवटी, काहीही न बोलता त्याच खोलीची अर्धा मिनिट शांतता मुद्रित करून ठेवा. दोन वाक्यांच्या मध्ये ती भरली की तुकडे जोडलेले वाटत नाहीत. ही एक सवय मला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडली आहे. मूळ फाइल वेव्ह स्वरूपात जपा आणि एमपी-३ अगदी शेवटी करा.

शिक्षिका_नौपाडा:
दोघांशीही सहमत आहे. एकच भर घालते. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आले. हे भित्तिपत्रकावर दोन ओळींत मावते, त्यामुळे तेच ध्वनिफितीत वाचून दाखवू नये. जे कागदावर येऊ शकत नाही, म्हणजे भरती-ओहोटीचा आणि थव्याचा आवाज, त्याला फितीत जागा द्यावी. विद्यार्थ्यांच्या कामात मला हीच उणीव वारंवार दिसते. क्लास वाईट नसतो, परंतु स्वतःच्या अडचणी घेऊन गेलेल्याला त्याचा लाभ अधिक होतो.

खाडीकाठची_विद्यार्थिनी (कळवा):
सर्वांचे मनापासून आभार. मूळ फोटो मिळाला असून त्याची रुंदी ४,००० पिक्सेल आहे. शीर्षक ‘मुक्ता’मध्ये पुन्हा मांडले आणि ‘स्थलांतरित’ आता नीट उमटतो. रविवारी ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या बाजूला मुद्रणासाठी जाणार आहे. निवेदन मात्र रात्री शेवटची लोकल गेल्यावर कपाटासमोर बसून करीन.