अनुभव धागा: घरोघरी बसलेल्या सहकाऱ्यांची एक कंपनी कशी होते?

गोदाकाठ: नाशिकच्या तिवंधा चौकातली रहाड, म्हणजे रंगपंचमीला रंग खेळण्याचा जमिनीतला जुना हौद, उघडल्याची चित्रफीत आज कंपनीच्या गटात आली आणि एक जुनी गोष्ट आठवली. मार्च २०२० नंतर आम्ही सगळे घरून काम करू लागलो, तरी सुट्ट्यांची यादी बंगळुरूहूनच येत राहिली; तीत धुळवड असे, पण नाशिककर ज्या दिवशी खरा रंग खेळतात ती रंगपंचमी नसे. पुढे नव्या व्यवस्थापिकेने काही ऐच्छिक सुट्ट्या दिल्या आणि सुट्टी कशासाठी घेतली, हे परतल्यावर गटात लिहिण्याची प्रथा पाडली. कोचीच्या सहकाऱ्याने ओणमविषयी लिहिले, आमच्यातल्या एकाने रहाडीतल्या धप्प्याविषयी, म्हणजे रंगाच्या पाण्यात मारायच्या उडीविषयी. शुक्रवारच्या सक्तीच्या ऑनलाइन खेळांनी जी ओळख झाली नव्हती, ती यामुळे झाली. आपलेही अनुभव लिहावेत.

सातपूरकर: आमचा मनुष्यबळ विभाग यादी बदलता येत नाही म्हणतो. काय करावे?

गोदाकाठ: आस्थापना महाराष्ट्रातली असेल आणि वीस किंवा अधिक कामगार असतील, तर २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम दाखवा. आठ भरपगारी सुट्ट्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार वर्ष सुरू होण्यापूर्वी मालक व कामगार यांनी संमतीने ठरवायच्या असतात. म्हणून डिसेंबरातच बोला.

कॉलेजरोडची सून: पोळ्या लाटता लाटता लिहीत आहे. न्यूयॉर्कची सकाळी दहाची बैठक उन्हाळ्यात आमच्या साडेसातला असते आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळे मागे गेली की साडेआठला, म्हणजे नेमकी पानावर बसायच्या वेळी. गेल्या हिवाळ्यापासून एक आठवडा आम्ही उशिरा बसतो आणि पुढच्या आठवड्यात ते सकाळी सातला उठून बसतात, तेव्हा इथे साडेपाच वाजलेले असतात. गैरसोय दोघांनी वाटून घेतल्यापासून त्यांचा सूरच बदलला आहे.

नवाकोरा: ताई, तुमचे वरिष्ठ भले दिसतात! मी महाविद्यालयातून थेट घरबसल्या नोकरीत आलो, त्यामुळे शेजारच्या टेबलाकडे मान वळवून शंका विचारण्याची सोय मला कधी मिळालीच नाही. आमच्याकडे ‘काहीही विचारा’ नावाचा गट होता, पण तो ओस पडलेला असे. एके दिवशी सर्वांत ज्येष्ठ अभियंत्याने स्वतःच तिथे अगदी प्राथमिक प्रश्न विचारला आणि मग आम्हा नवख्यांची भीड चेपली.

मखमलाबाद: नाशिकमधले आम्ही काही जण रविवारी मिसळीला जमतो. तिथे बोलता बोलता कामाचे निर्णय होऊ लागले आणि बाहेरगावच्या सहकाऱ्यांना ते सोमवारी आयतेच कळू लागले, ही गोष्ट त्यांना फार लागली. आता मिसळीवर झालेले प्रत्येक बोलणे त्याच दिवशी गटात लिहायचे आणि सर्वांनी होकार दिल्याशिवाय ते ठरले असे मानायचे नाही, असा नियम आहे. नागपूरचा सहकारी निर्णयांना संमती देतो आणि तर्री-पोहे सोडून मिसळ खाल्ल्याबद्दल दर वेळी लेखी आक्षेपही नोंदवतो.